चोर बाटली

१

हजेरीच्या यादीत माझ्यापुढे 'तपासनीस' असं लिहितात, पण कारखान्यात सगळे आम्हाला बघणाऱ्या बायकाच म्हणतात. काम तेवढंच आहे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत येतात, त्यांच्यामागे उजेडाचा पांढरा पडदा असतो, पुढे स्टूल आणि स्टुलावर मी. चीर, बुडबुडा, तोंडाचा उडालेला टवका, तळाला चिकटलेली काचेची कपची, जे दिसेल ते उचलायचं आणि डाव्या हाताच्या पिंपात टाकायचं. बाटली पिंपात पडून फुटते आणि काच परत भट्टीत जाते. मिनिटाला दीडशे बाटल्या. मी हे एकोणीस वर्षं करते आहे.

नव्या मुलींना वाटतं, नजर चांगली असली की झालं. मी पहिल्याच दिवशी त्यांचा तो भ्रम उतरवते. "डोळे काही बघत नाहीत गं," मी सांगते. "डोळे म्हणजे दारावरचे शिपाई. बघतो तो आत बसलेला कारकून, आणि तो एक नंबरचा आळशी आहे. शंभर बाटल्या चांगल्या आल्या की एकशे एकावीला तो मान वर करत नाही. कालच्याच कागदावर आजची तारीख घालतो आणि पुढे ढकलतो. तुम्हाला वाटतं बाटली बघितली. तुम्ही त्याचा कागद बघितलेला असतो."

म्हणून दर वीस मिनिटांनी पाळी बदलते. मी उठते, मावशी बसते. मावशी माझ्याआधीपासून इथे आहे आणि तिची जीभ माझ्याहून तिखट आहे. तिनेच मला कारकुनाला जागं करायची युक्ती शिकवली. शंका आली की बाटली उलटी धरायची. उलटी वस्तू त्याच्या ओळखीची नसते, मग त्याला झक मारून बघावं लागतं.

आणि रोज एक चोर बाटली असते. सुपरवायझर मुद्दाम एक खोट असलेली बाटली पट्ट्यावर सोडतो. कधी, कुठली, ते त्यालाच ठाऊक. आम्ही जाग्या आहोत की नाही हे बघायला. ती सुटली तर त्या दिवशीचा सगळा माल परत तपासायचा आणि सगळ्यांसमोर मान खाली घालायची. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही चोर सुटला नव्हता. मला सगळे घार म्हणत, आणि मला ते आवडत होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

उलट चूक झाली, म्हणजे चांगलीच बाटली पिंपात गेली, तर मात्र कुणी विचारत नाही. तिचा फुटण्याचा आवाजही बाकीच्यांसारखाच असतो.

२

हा खेळ मी घरी नेला, ही माझीच करणी.

ठमी माझी मुलगी. शाळेत तिला चांगलंसं नाव आहे, घरी ती ठमी. ती सहा वर्षांची असल्यापासून आम्ही चोर-चोर खेळत होतो. मी कामावरून आले की ती दाराबाहेर जिन्यापाशी भिंतीकडे तोंड करून शंभर आकडे मोजायची. तेवढ्यात मी खोलीतली एक गोष्ट बदलायची. मग ती आत येऊन चोर शोधायची. तीन संधी. निकाल तिनेच वहीत लिहायचा: तारीख, चोर काय होता, दिसला की नाही. कारखान्यात ठेवतात तशी वही.

सुरुवातीला मी सोपं ठेवायची. खुर्ची उलटी, चप्पल टेबलावर. मग मला चेव आला. घड्याळ दोन मिनिटं पुढे, उशीची शिवण दुसऱ्या बाजूला. खेळाच्या चौथ्या वर्षापर्यंत मी तिच्या बाबाच्या शर्टाची दोन बटणं अदलाबदल करून शिवत होते. तिला दिसायचं नाही. मग मी टाळ्या वाजवायची आणि म्हणायची, "आंधळी गं आंधळी! माझ्या पोटी कशी आलीस कोण जाणे."

आधी ती हसायची. नंतर हसणं थांबलं, पण तिने खेळणं थांबवलं नाही. तिला माझ्या तोंडून एकदा 'शाबास' ऐकायचं होतं. मला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच मी ते स्वस्तात देत नव्हते.

खेळ झाला की ती हिरमुसून माझ्या कुशीत शिरायची. रांगायला लागली तेव्हा पलंगावरून पडली होती, त्याची डाव्या कानामागे मसुराएवढी गाठ राहिली आहे. माझं बोट आपोआप तिथे जायचं. तेवढी माझी माया होती आणि ती तिला पुरत होती.

३

त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं. ठमी बाहेर मोजत होती आणि मला उठायचा कंटाळा आला. मग मनात आलं, आज काहीच बदलायचं नाही. शोधू दे तिला, जिरेल तिची. मी जागची हललेसुद्धा नाही.

ठमी आत आली. दारातच थांबली. एरवी ती सगळीकडे गरगर बघत सुटायची, पण त्या दिवशी तिची नजर सरळ खिडकीवर गेली आणि तिथेच राहिली.

"खिडकीची कडी," ती म्हणाली. "डावीकडे होती. तू उजवीकडे केलीस."

मला हसू आवरेना. खिडकीची कडी काय उशी आहे, फिरवायला? ती लोखंडाची, चार स्क्रूंनी लाकडात बसवलेली, वर रंगाचे तीन थर. उजवीकडेच होती. आम्ही या घरात आलो तेव्हापासून उजवीकडे.

"नापास," मी म्हणाले.

"अगं आई, नीट बघ ना. डावीकडे होती."

"आज चोरच नव्हता, शहाणे! मी काही बदललंच नाही. सगळं जिथल्या तिथे आहे आणि तुला त्यातही चोर दिसला. आंधळी परवडली, ही तर नसलेलं बघते."

तिचा चेहरा पडला. पण ती रडली नाही, आणि मला ते जरा खटकलं. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तू नाही बदललंस?" आणि माझ्याजवळ सरकून बसली.

संध्याकाळी वारा सुटला तेव्हा मी खिडकी लावायला उठले. मन नवऱ्याच्या डब्यात होतं. हात पुढे गेला आणि बोटं मिटली, आणि बोटांत काहीच आलं नाही. हात डावीकडे गेला होता. रोजच्या सवयीने, न चुकता, कडी जिथे असायला हवी होती तिथे.

मी हात मागे घेतला. डावीकडचं लाकूड जवळून बघितलं. रंग सपाट होता, स्क्रूच्या भोकाची खूणसुद्धा नव्हती. मी मनाशी म्हटलं, पट्ट्यावर पिंप डावीकडे असतं, हाताला तीच सवय. कारण चांगलं होतं आणि मी त्यावर समाधान मानलं.

४

वर्षातून एकदा कारखाना आमचे डोळे तपासून घेतो. डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, दरवर्षी तेच. शेवटची ओळ मी उलटीसुद्धा वाचून दाखवते आणि ते दरवर्षी म्हणतात, "बाई, तुम्हाला तपासून माझा वेळ फुकट जातो."

या वेळी मी विचारलं, "डॉक्टर, समोरची वस्तू बदलली आणि आपल्याला कळलंच नाही, असं होतं का?"

"रोज होतं की." त्यांनी कागदावर एक फुली काढली, तिच्या उजवीकडे चार बोटांच्या अंतरावर एक ठिपका. "डावा डोळा झाका. फुलीकडे बघा. आता कागद हळूहळू जवळ आणा."

मी आणला. एका जागी ठिपका गेला. पुसट झाला नाही, नुसता गेला, आणि तिथे पांढरा कागद होता. घारीच्या डोळ्यासमोरून ठिपका गेला. मला त्याचा चक्क राग आला.

"डोळ्याच्या मागे एक जागा असते, तिथे काहीच उमटत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. म्हणजे आपल्या समोर कायम एक भोक असतं. पण दिसलंय का कधी? मेंदू आजूबाजूचं कापड घेतो आणि ठिगळ लावतो. इतकं बेमालूम की शिवण सापडत नाही."

"आणि ठिगळाखाली काय असतं?"

"जे असेल ते असतं," ते हसून म्हणाले. "आपल्याला दिसत नाही एवढंच. त्यावाचून कुणाचं अडत नाही, बाई."

त्यांनी कागदावर सही केली. नजर उत्तम.

५

त्यानंतर मी खेळ बंद केला, पण ठमीने केला नाही. ती न सांगता शोधायला लागली, आणि तिला चोर सापडायला लागले.

"जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, आता सोळा आहेत," असं तिने एकदा शाळेतून येताच सांगितलं. मी खाली जाऊन मोजल्या. सोळा. मी तिला झापलं. पण पुढचा आठवडाभर शेवटची पायरी चढून झाल्यावर माझा पाय आणखी एकदा उचलला जायचा आणि नसलेल्या पायरीवर धपकन आदळायचा. कमरेपर्यंत दणका बसायचा. हातापायांना कारकून नसतो, ते आपलं आपण आठवतात. हे मला कळत होतं आणि तरी मी कुणाला बोलले नाही.

का बोलले नाही? कारण बोलले असते तर मला दिसत नाही आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीला दिसतं, हे कबूल करावं लागलं असतं. मला ते जमलं नसतं. मी मनाला समजावत राहिले की पोरीच्या डोक्यात खेळ भिनलाय, आपल्याकडे लक्ष वेधून घ्यायला ती करते. आईने कौतुक केलं नाही की मुलं असं करतातच म्हणे.

मग एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतलं आणि माझ्या कानाला तोंड लावलं.

"आई, आज चोर बाबा आहेत."

नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. तो बस चालवतो आणि त्या दिवशी त्याची सकाळची फेरी होती.

"काय बदललंय बाबांचं?" मी विचारलं. खरं तर गंमत म्हणून.

"डोळे मिटताना त्यांची वरची पापणी खाली येत नाही. खालची वर येते."

मी हातातलं भांडं सिंकमध्ये ठेवलं. मी दार थोडं उघडून बघितलं. नवरा पेपर वाचत होता. मी तो पापणी मिटेपर्यंत थांबले. मिटली. वरची पापणी खाली आली, वर गेली. चारचौघांसारखी. मी दहा वेळा बघितलं, पट्ट्यावरच्या बाटलीकडे बघते तसं, डोळ्यांत तेल घालून.

"काही नाही," मी म्हणाले. "बरोबर आहे."

"आई, तुला दिसत नाहीये," ती म्हणाली. "पण मला दिसतंय. त्यांना सांगू नकोस हं. चोराला सांगायचं नसतं ना, पकडला म्हणून?"

"नाही सांगत," मी म्हणाले.

६

मी सांगितलं. त्याच रात्री, जेवताना, तिच्या देखत.

मला कुणी भाग पाडलं नव्हतं. दुपारपासून ती पापणी मनातून जात नव्हती आणि मला ती हसून घालवायची होती, एवढंच. ताटं वाढून झाली आणि मी नवऱ्याला म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या लेकीने तुला पकडलंय. तू म्हणे खरा नाहीस. तुझ्या पापण्या उलट्या मिटतात."

ठमीचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता. आता काय होणार हे कळलेल्या माणसाचं ते बघणं होतं.

नवरा हसला. पण हसू जरा उशिरा आलं, शेवटच्या बाकावरच्याला विनोद कळायला वेळ लागतो तसं.

"हो का?" तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "फक्त हिलाच दिसलं? तुला नाही?"

"मला काय दिसणार? नसेल ते?"

"शाबास," तो मला म्हणाला आणि जेवायला लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि नवऱ्याचीही रजा. माझी सातची पाळी. निघताना ठमीने दारात माझी ओढणी दोन्ही हातांनी धरली.

"मला घेऊन चल. मी पिंपामागे बसेन. बोलणार नाही."

"कारखान्यात मुलं चालत नाहीत."

"मग तू जाऊ नकोस. आई, एकच दिवस. मी परत कधीच चोर शोधणार नाही."

तिची बोटं घट्ट होती. मी ती एकेक करून सोडवली. उशीर होत होता, आणि खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटत होती, नवरा मागे उभा राहून बघत होता म्हणून. "पुरे झाली नाटकं," मी म्हणाले. "बाबांबरोबर राहा शहाण्यासारखी."

सोळा पायऱ्या उतरताना वरून काहीच आवाज आला नाही. रडण्याचासुद्धा नाही.

७

दहाच्या सुमाराला सुपरवायझरने पट्टा थांबवला.

पट्टा मध्येच थांबला की सगळ्या हॉलमध्ये अशी शांतता होते की कानात दडे बसतात. तो हातात एक बाटली घेऊन माझ्यासमोर आला आणि सगळ्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

"घार झोपली वाटतं आज," तो म्हणाला. "ही तुमच्या समोरून गेली."

मी बाटली बघितली. चांगली होती.

"काय आहे हिला?" मी म्हणाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. सुपरवायझर हसला नाही. "बाई, थट्टा करताय का?" म्हणत त्याने बाटली पडद्यासमोर धरली. मला पारदर्शक, गुळगुळीत, अखंड काच दिसत होती.

मावशी उठून माझ्याजवळ आली. तिने बाटली त्याच्या हातातून घेतली, उलटी केली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली.

चीर गळ्यापासून बुडापर्यंत होती. तिच्यात नख शिरलं असतं. लहान मुलालाही खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसली असती.

मावशीने बाटली पुन्हा सरळ केली. चीर गेली.

मला एका क्षणात सगळं आठवलं: खिडकी, जिना, कानाला लागलेलं ठमीचं तोंड. मी पर्स उचलली आणि म्हणाले, मला घरी जायचंय.

"जा ना," सुपरवायझर म्हणाला. "सकाळपासूनचा माल दुसरं कुणीतरी तपासेल. एकोणीस वर्षांनी व्हायचंच असं. डोळे थकतात, नाव तेवढं राहतं."

सगळ्या बघत होत्या. मावशी हळूच म्हणाली, "जा बाई तू. आधी घरी जा."

मी पर्स खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. सकाळपासूनचा माल मीच परत तपासला, एकेक बाटली उलटी धरून, पाळी संपेपर्यंत. पाच तास. त्यात दोन बाटल्या निघाल्या आणि सुपरवायझरने मान डोलावली. मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही, मला तेव्हा खरंच बरं वाटलं.

८

साडेतीनला घरी पोचले. जिन्यापासूनच पळत सुटले आणि वरच्या टोकाला माझा पाय अडखळला नाही.

दार ठमीने उघडलं.

"आलीस?" ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. खोली आवरलेली होती. वाळलेले कपडे घड्या घालून ठेवलेले. नवरा खिडकीपाशी बसला होता, त्याने हात हलवला. मी ठमीला धरलं, खांद्यांना धरून उजेडाकडे वळवलं आणि तिचा चेहरा इंच न् इंच बघितला. भुवयांमधला तीळ, अर्धा आलेला सुळ्याचा दात. सगळं होतं.

"काय बघतेस?" ती हसत म्हणाली.

"चोर सापडला का आज?"

"नाही गं. आज कुठलाच चोर नाही. सगळं बरोबर आहे." मग तिने नवऱ्याकडे बघून म्हटलं, "बाबांचं मी आपलं उगाच म्हटलं होतं. तू म्हणालीस तसं, नाटकं."

मी खाली बसले आणि रडले. सुटले एकदाची, असं वाटलं. पोरगी शहाणी झाली. पुढचे तीन दिवस तर घरात इतकं सुख होतं की मला माझाच हेवा वाटावा. ती न सांगता अभ्यासाला बसायची, उलटून बोलायची नाही, काही मागायची नाही. माझ्या कुशीत मात्र आली नाही. मोठी होतेय, मी म्हटलं.

९

चौथ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली की वर्गात उवा झाल्यात, मुलींची डोकी बघा. दुपारी मी भिंतीला टेकून बसले आणि ठमीला म्हटलं, ये, झोप इथे. ती उताणी झोपली, डोकं माझ्या मांडीवर, पाय समोरच्या दाराकडे. मी बारीक दातांची फणी घेऊन कपाळापासून केस विंचरायला लागले. फणीची कर्रकर्र आणि घड्याळाची टिकटिक, एवढाच आवाज. नवरा कामावर होता. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

ती वर बघत होती. मी खाली, तिच्या उलट्या चेहऱ्याकडे बघत होते. हनुवटी वर, कपाळ खाली. माणूस असा उलटा दिसला की जरा परकाच वाटतो.

तिने पापण्या मिटल्या. पापणी वरून खाली आली आणि परत वर गेली. सगळ्यांची मिटते तशी. कुठेतरी आत धाकधूक होती ती गेली.

फणी आणखी दोनदा फिरली. मग माझा हात थांबला.

चेहरा उलटा होता. तिचं कपाळ माझ्याकडे, म्हणजे खाली होतं. तिची वरची पापणी मला खाली दिसायला हवी होती आणि मिटताना ती खालून वर जायला हवी होती. मला पापणी वरून खाली येताना दिसली. म्हणजे ती गालाकडून आली. सरळ चेहऱ्यावर ती खालची पापणी.

मी वाट बघितली. ती माझ्याकडेच बघत होती. पुन्हा मिटली, या वेळी सावकाश. गालाची कातडी डोळ्यावर चढली, पातळ, जरा ओलसर, आणि ती इतकी पातळ होती की खालचं बुबुळ तिच्यातून अंधूक दिसत राहिलं. ते माझ्यावरून हललं नाही.

"काय झालं आई?" तिने विचारलं. "सापडलं का काही?"

"नाही," मी म्हणाले. "स्वच्छ आहे डोकं."

ती उठून बसली आणि माझ्याकडे तोंड करून हसली. पापण्या मिटल्या. वरची खाली आली, वर गेली. अगदी बरोबर. ठमीच होती.

१०

ती खाली खेळायला गेली तेव्हा मी तिची वही काढली.

मी खेळ बंद केल्यानंतरची पानं मी कधी उघडलीच नव्हती. ठमीचं किरटं अक्षर, रेघा मारून केलेले रकाने. खिडकीची कडी: आईला दिसलं नाही. जिना: आईला दिसलं नाही. दिव्याचं बटण, समोरच्या घराचं दार, बाबांचा आवाज, मला न सांगितलेले कितीतरी. सगळीकडे तेच. आईला दिसलं नाही. मग बाबा. आईला दिसलं नाही.

शेवटची तारीख त्या सुट्टीच्या दिवसाची होती. अक्षर घाईतलं, पेन्सिल कागदात रुतलेली. चोराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मी.' आणि त्यापुढे, 'आईला दिसेल.'

मी तोंडात ओढणी कोंबली. त्या दिवशी दहापासून तीनपर्यंत मी बाटल्या उलट्या धरत होते.

संध्याकाळी ती आली, नवराही आला. जेवायला अवकाश होता. ती मध्येच उभी राहिली आणि म्हणाली, "आई, आज उलटं खेळूया. चोर मी ठेवलाय, तू शोधायचास. तीन संधी."

नवऱ्याने पेपर खाली केला. दोघं माझ्याकडे बघत राहिली. मी खिडकीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तीळ, अर्धा दात. ज्या मुलीने चोर बोलून दाखवला ती दुसऱ्या दिवशी राहिली नव्हती. आणि ती खरोखर कुठे गेली हे विचारायचं, तर या दोघांशिवाय विचारायला कुणी नव्हतं. माझ्या जिभेवर तिचं नाव होतं. मला भीती वाटली, मरणाची भीती वाटली, आणि मी ते नाव गिळलं.

"काही नाही," मी म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

"नक्की? अजून दोन संधी आहेत."

"नक्की. मला काही दिसत नाही."

तिने टाळ्या वाजवल्या. "आंधळी गं आंधळी!" ती म्हणाली, हुबेहूब माझ्या सुरात. नवरा हसला. या वेळी अगदी वेळेवर.

मग ती हिरमुसल्यासारखं तोंड करून दोन्ही हात पसरून माझ्याकडे आली. "आई, जवळ घे ना."

मी तिला जवळ घेतलं. माझं बोट आपोआप तिच्या डाव्या कानामागे, त्या गाठीच्या जागी निघालं होतं. मी दोन्ही मुठी घट्ट आवळून घेतल्या आणि तशीच तिला धरून बसले.